नमुना क्रमांक सदतीस

मोतीबाच्या पोळीत सकाळी सहा चाळीसला नळ येतो,
सात पंचवीसला जातो.
(नागपूरची मावशी अजून हसते: पोळीत कसा गं नळ?
तिला बडोद्याची पोळ दाखवायची राहून गेली.)
तेवढ्या वेळात मला सात घरं उरकायची असतात.
खांद्यावर थंड पेटी, पेटीत निर्जंतुक बाटल्या,
ओढणीच्या गाठीत लायटर,
पितळी नळाचं तोंड भाजून घ्यायला.
पोरं विचारतात, बेन, नळाला चटके का देता?

सातवं घर रमाकांत शिर्क्यांचं. इस्त्रीवाले.
ओंजळीतून कापडावर पाणी शिंपडतात,
वर इस्त्री फिरली की ते चर्र करून उडून जातं.
मला वाटलं, या घरातलं तेवढंच पाणी सुखरूप.

पाच थेंब टाकले नळीत.
पिवळं व्हायला हवं होतं, निदान लिंबाच्या सालीइतकं.
झालं नाही.
तसंच राहिलं, नितळ,
त्याच्यातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं
एकादशीच्या लाल खुणेसकट.
आमच्या खात्यात पाणी असं नितळ राहिलं
की पोटात गोळा येतो.

"कसंय?" ते म्हणाले.
म्हटलं, अहवाल उद्या.
अहवालाआधी बोलायचं नाही, असा नियम आहे.

त्यांनी चौपदरी फडक्यातून पाणी गाळलं.
स्टीलचा पेला दोनदा विसळला,
त्याच पाण्यानं.
वर गुळाचा खडा.
उन्हात पायपीट करून आलेल्या बाईला
रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं?

मी प्यायले.

नाही म्हणता आलं असतं. उपास आहे, घसा बसलाय,
शंभर सबबी. मी प्यायले,
आणि ते मागे वळून मुलीला म्हणाले,
"कनक, पी तू पण. तपासणाऱ्या बाई प्यायल्या,
मग काय भीती?"
कनकनं गटागटा पेला रिकामा केला.
तिच्या दातांवर पेल्याची कड वाजली.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक कुणाविषयी संशयानं बोलतात.
मी ते दर महिन्याला कार्यालयात लिहून देते,
शब्दशः, चौकाचं नाव घालून.
केबलवाल्यांनी खणलेला खड्डा,
त्यात नळाचा पाइप, त्याला टेकून गटाराचा,
दोघांच्या सांध्यांमध्ये चार बोटांचं अंतर.

रात्रभर बाटली उबेच्या कपाटात.
सकाळी सदतीस नंबर काळी,
काजळासारखी. काजळाला नावं ठेवायची नाहीत,
पण दुसरा शब्द सुचला नाही.
अर्जात शेऱ्याचा रकाना बोटभर आहे.
मी लिहिलं: पिण्यास अयोग्य.
कोण प्यायलं, ते लिहायला जागा नव्हती.

मला दोन दिवस काही झालं नाही.
कनकला झालं.
सरकारी दवाखाना, सलाईनच्या तीन बाटल्या.
घरी आली, बरी आहे, शाळेत जाते.
हे मी सुटकेसाठी सांगत नाही.

पाइप बदलला. अकरा दिवसांनी पुन्हा गेले.
पाच थेंब, आणि पाणी पिवळं झालं,
फिकट, पण झालं.
"चांगलं आहे आता," मी म्हटलं.
या वेळी अहवालाची वाट पाहिली नाही.

शिर्क्यांनी नळी उजेडात धरली.
"पिवळं म्हणजे चांगलं?"
हो.
"आणि परवाचं, स्वच्छ दिसत होतं ते?"

मग नळाखाली भरलेली बादली उचलली
आणि माझ्या डोळ्यांदेखत
अख्खी मोरीत ओतली.
रागानं नाही. जपून, फरशी भिजू न देता.

"बसा," म्हणाले, "पाणी नाही देत तुम्हाला.
चहा टाकतो.
चहा निदान उकळतो तरी."

कनक दारात उभी होती.
मी पिते का, ते बघत.